मेबेलचा चित्रपट : एका षष्ठीचे दोन अर्थ

१

व्याकरणाच्या तासाला ‘वाघाची शिकार’ हा शब्दसमूह फळ्यावर लिहिला की विद्यार्थ्यांत हमखास दोन तट पडतात. वाघाने केलेली शिकार असा अर्थ काही घेतात, वाघाची झालेली शिकार असा इतर घेतात. आणि दोघांचेही बरोबर असते. षष्ठी मूलतः केवळ संबंध दाखविते. त्या संबंधात करणारा कोण आणि ज्यावर क्रिया घडली तो कोण, हे ती स्वतः सांगत नाही. ते प्रसंगावरून ओळखावे लागते. कर्तरि षष्ठी आणि कर्मणि षष्ठी असा भेद आपल्या वैयाकरणांनी केला तो ह्याच कारणाने.

ह्या भेदाची आठवण होण्याचे निमित्त व्याकरणाबाहेरचे आहे. अमेरिकन मूकपटातील विनोदी अभिनेत्री मेबेल नॉर्मंड ह्यांच्या लघुपटांची नामावली चाळीत असता एक गोष्ट डोळ्यांत भरते. ‘मेबेल्स ड्रॅमॅटिक करीअर’ (१९१३), ‘मेबेल्स स्ट्रेंज प्रेडिकमेंट’, ‘मेबेल्स बिझी डे’, ‘मेबेल्स मॅरिड लाइफ’, ‘मेबेल्स ब्लंडर’ (सर्व १९१४): नाटकी कारकीर्द मेबेलची, विचित्र अडचण मेबेलची, धांदलीचा दिवस मेबेलचा, संसार मेबेलचा, घोडचूकही मेबेलचीच. षष्ठ्यन्त नाव शीर्षकात मिरविण्याचा मान त्या काळी फार थोड्या नटांना मिळाला होता. आता ‘मेबेलचा चित्रपट’ ह्या साध्या शब्दांचा अर्थ काय घ्यावयाचा? मेबेलविषयीचा चित्रपट, की मेबेलने केलेला चित्रपट? प्रस्तुत लेखाचे म्हणणे असे की, १९१४ साली हे दोन्ही अर्थ एकाच वेळी खरे होते. पुढे चित्रपटाच्या इतिहासाने पहिला अर्थ तेवढा जपला आणि दुसरा गमावला. गमावलेला अर्थ परत मिळविता येतो का, आणि तो मिळविताना अतिशयोक्तीच्या खड्ड्यात न पडता किती दूर जाता येते, हे पाहणे हा येथील उद्देश आहे.

एक खुलासा आरंभीच केलेला बरा. इतिहासकार चॅप्लिन, सेनेट, आर्बकल ह्यांस आडनावाने संबोधतात. ह्या एका व्यक्तीस मात्र बहुधा पहिल्या नावाने, ‘मेबेल’ म्हणून. पडद्यावरच्या पात्राला नटीचे स्वतःचे नाव दिलेले असल्याने ही सवय जडली असावी. ती ह्या लेखात टाळली आहे. पडद्यावर जी दिसते ती ‘मेबेल’, आणि तिला जिने घडविले ती कलावती ‘नॉर्मंड’. मराठीत आदरार्थी बहुवचनाची सोय असल्याने हा भेद क्रियापदांतूनही राखता येतो, आणि तो राखणे हा केवळ शिष्टाचार नव्हे हे पुढे दिसून येईल.

२

नॉर्मंड ह्यांचा जन्म न्यू यॉर्कजवळील स्टॅटन आयलंड येथे झाला. जन्माचे वर्ष कोणी १८९२ देतात, कोणी १८९३. वडील सुतारकाम करीत. वयात येण्याच्या सुमारास त्या न्यू यॉर्कमधील चित्रकारांसमोर नमुना म्हणून बसू लागल्या. चार्ल्स डेना गिब्सन ह्या त्या काळच्या ख्यातनाम चित्रकारानेही त्यांची चित्रे रेखाटली. म्हणजे कोणीतरी आपल्याकडे पाहावे आणि आपण स्थिर राहावे, हाच त्यांचा पहिला व्यवसाय. १९१० च्या सुमारास त्या चित्रपटांकडे वळल्या आणि बायोग्राफ व व्हिटाग्राफ ह्या दोन कंपन्यांत कामे करू लागल्या. बायोग्राफमध्ये डी. डब्ल्यू. ग्रिफिथ ह्यांच्या हाताखाली गंभीर भूमिकाही त्यांनी केल्या. मॅक सेनेट हे त्याच कंपनीत नट होते आणि विनोदी चित्रपटांच्या दिग्दर्शनाकडे वळत होते. १९१२ साली केसल व बाउमन ह्या भांडवलदारांच्या आधारावर सेनेट ह्यांनी कीस्टोन कंपनी उभारली. नॉर्मंड, फोर्ड स्टर्लिंग आणि फ्रेड मेस हे तिचे पहिले नट. लॉस एंजेलिसच्या एडनडेल भागात कंपनीचे बस्तान बसले, आणि त्याच वर्षी सप्टेंबरात जे पहिले लघुपट बाहेर पडले त्यांतील ‘द वॉटर निंफ’ ह्यात नॉर्मंड पोहण्याच्या पोषाखात पाण्यात सूर मारताना दिसतात.

कीस्टोनचा विनोद कसा होता हे ध्यानी घेतल्याशिवाय नॉर्मंड ह्यांच्या कामाचे वैशिष्ट्य कळावयाचे नाही. नाट्यशास्त्रात अभिनयाचे आंगिक, वाचिक, आहार्य आणि सात्त्विक असे चार प्रकार सांगितले आहेत. मूकपटात वाचिक अभिनय उघडच लोपला. ओठ हलतात, पण शब्द ऐकू येत नाहीत, आणि कीस्टोनच्या लघुपटांत मधली अक्षरपाटीही क्वचितच येते. उरले तीन. त्यांतील आंगिक आणि आहार्य ह्या दोहोंवर कीस्टोनच्या नटांचा सारा भार असे. स्टर्लिंग ह्यांची चिकटविलेली दाढी, त्यांचे डोळे फिरविणे आणि उड्या मारणे, पोलिसांचे बेढब गणवेश, सतत पडणे-धडपडणे ह्यांतून हशा निर्माण होई. ह्या गर्दीत मेबेल नेहमीच्या कपड्यांत येते. तिला खोटे नाक नाही, पोटावर बांधलेली उशी नाही. तिचा चेहरा हा चेहराच असतो. परिणामी तिला विनोद साधावयाचा तो चेहऱ्याच्या बारीक बदलांतून: मनात विचार आला, तो आवडला, मग त्याची भीती वाटली, आणि तरीही तो अमलात आणावयाचे ठरले, हे चार टप्पे ती क्षणात दाखवून जाते. पुष्कळदा ती सरळ कॅमेऱ्याकडे पाहते. भाषेच्या परिभाषेत सांगावयाचे तर इतर पात्रे तृतीयपुरुषी असतात, मेबेल एका दृष्टिक्षेपात प्रेक्षकाला ‘तू’ म्हणून हाक मारते. जो प्रेक्षक आतापर्यंत केवळ बघ्या होता तो तिच्या कटातला साथीदार होतो.

नाट्यशास्त्रातील दुसरा एक भेद येथे उपयोगी पडतो. हास्य आत्मस्थ असते आणि परस्थ असते. पात्र स्वतः हसते तेव्हा आत्मस्थ, इतरांना हसविते तेव्हा परस्थ. कीस्टोनचे बहुतेक नट केवळ परस्थ हास्याचे धनी आहेत. ते स्वतः भयंकर गंभीर असतात, संतापलेले असतात, आणि आपण हसतो. मेबेलला मात्र घडते आहे त्यातली गंमत स्वतःलाही दिसते. आपण तिला हसतो आणि तिच्यासह हसतो, ही दोन्ही हास्ये तिच्या ठायी एकत्र नांदतात.

३

हे झाले अभिनयाविषयी. षष्ठीच्या प्रश्नाचा निवाडा मात्र चित्रपटांच्या रचनेतून करावयास हवा. त्यासाठी दोन लघुपट शेजारीशेजारी ठेवून पाहणे उद्बोधक ठरेल.

‘मेबेल्स ड्रॅमॅटिक करीअर’ सेनेट ह्यांनी दिग्दर्शित केला, आणि त्यात खेडवळ तरुणाची भूमिकाही त्यांनीच केली. ह्या तरुणाचे घरातील मोलकरीण मेबेल हिच्यावर मन असते. परंतु शहरातून दुसरी मुलगी येताच तो तिच्याकडे झुकतो आणि मेबेलला घराबाहेर पडावे लागते. काही काळानंतर तो शहरात येतो, चित्रपटगृहात शिरतो, आणि पाहतो तो पडद्यावर मेबेल! एक दुष्ट इसम तिचा छळ करीत असतो. ते पाहून हा प्रेक्षक बेभान होतो, शेजारी बसलेल्या आर्बकल ह्यांच्या पात्राला सळो की पळो करून सोडतो, आणि अखेर पिस्तूल काढून पडद्यावर गोळ्या झाडतो. लोकांची पळापळ होते. पुढे तो त्या दुष्टाच्या घराशी जाऊन खिडकीतून डोकावतो, तेव्हा त्याला दिसते की तो दुष्ट घरी सज्जन गृहस्थ आहे, आणि मेबेल त्याची पत्नी व त्याच्या मुलांची आई आहे.

चित्रपट फार चतुर आहे ह्यात शंका नाही. पडद्यावरील भास आणि घरातील वस्तुस्थिती ह्यांची गल्लत करणाऱ्या प्रेक्षकाची अशी थट्टा इतक्या लवकर, १९१३ साली, झालेली पाहून नवल वाटते. परंतु व्याकरणाच्या दृष्टीने पाहा: शीर्षकात कारकीर्द मेबेलची असली तरी ती कारकीर्द घडताना आपल्याला दिसतच नाही. मेबेल घराबाहेर पडते आणि नंतर एकदम पडद्यावर दिसते. मधली सारी क्रिया गाळलेली आहे. आपण तिला पाहतो ते त्या तरुणाच्या डोळ्यांनी, आधी चित्रपटगृहातून आणि मग खिडकीतून. पाहणे, चुकणे, गोळी झाडणे ह्या सर्व क्रियांचा कर्ता तो आहे. मेबेल ही त्याच्या पाहण्याचे कर्म आहे. शीर्षकातील षष्ठी ही येथे निखळ कर्मषष्ठी होय.

ह्याच्या शेजारी ‘मेबेल्स ब्लंडर’ ठेवावा. कथा व दिग्दर्शन नॉर्मंड ह्यांचे. येथे मेबेल एका कचेरीत नोकरीस आहे आणि मालकाच्या मुलाशी तिचे लग्न गुपचूप ठरलेले आहे. एके दिवशी एक अनोळखी तरुणी येते आणि तो मुलगा तिच्याशी मोठ्या सलगीने वागतो. मत्सराने पेटलेली मेबेल मोटारचालकाच्या वेषात त्यांच्यावर पाळत ठेवते. अखेर कळते की ती तरुणी मुलाची बहीण होती.

कथानक किरकोळ आहे. अशी गैरसमजाची प्रहसने आपल्याही रंगभूमीला अपरिचित नाहीत. महत्त्व आहे ते क्रियेच्या वाटणीला. येथे पाहणारी मेबेल आहे. वेष पालटते ती. माग काढते ती. जे दिसले त्याचा चुकीचा अर्थ लावते तीही तीच. पहिल्या लघुपटात चुकीची मालकी त्या तरुणाकडे होती, येथे ती मेबेलकडे आली आहे. हा बदल लहान नव्हे. प्रहसनाचा नायक म्हणजे ज्याला चुकण्याचा अधिकार आहे तो. जगाचा अर्थ तो चुकीचा लावतो, त्या चुकीवर सर्व शक्तीनिशी कृती करतो, तोंडघशी पडतो आणि पुन्हा उठतो. कीस्टोनच्या लघुपटांत स्त्री ही सामान्यतः पुरुषांच्या चुकांचे कारण असते: तिच्यासाठी भांडणे होतात, तिच्यापायी पाठलाग होतात. नॉर्मंड ह्यांनी चूक स्वतःच्या पात्राकडे ओढून घेतली. पाणिनीने क्रियेच्या बाबतीत जो स्वतंत्र त्यास कर्ता म्हटले आहे. त्या अर्थाने ‘मेबेलची घोडचूक’ ही कर्तृषष्ठी आहे. असे स्वातंत्र्य चुकण्याच्या रूपाने प्रकट व्हावे हा प्रहसनाचा धर्मच होय.

हा एकच नमुना आहे असेही नाही. ‘मेबेल ॲट द व्हील’ ह्यात शर्यतीच्या मोटारीचा चालक असलेल्या प्रियकरास खलनायकाने पळवून नेल्यावर मेबेल स्वतः चाक हाती घेते आणि शर्यत जिंकते. ‘मेबेल्स स्ट्रेंज प्रेडिकमेंट’ ह्यात ती हॉटेलातील आपल्या खोलीबाहेर रात्रीच्या पोषाखात अडकते, आणि परक्या खोलीत पलंगाखाली दडण्याखेरीज तिला गत्यंतर राहत नाही. ‘मेबेल्स बिझी डे’ ह्यात ती शर्यतीच्या मैदानावर खाद्यपदार्थ विकून पोट भरणारी मुलगी आहे, आणि तिचा माल लंपास करणारा चॅप्लिन ह्यांचा भामटा तिला रडकुंडीस आणतो. ह्या तिन्ही ठिकाणी अडचण तिची आहे आणि त्यातून सुटण्याची खटपटही तिची आहे.

४

असे असता कर्तृत्वाचा अर्थ इतक्या लवकर पुसला का गेला? त्याची तीन कारणे संभवतात.

पहिले कारण निव्वळ व्यावसायिक स्वरूपाचे आहे. त्या काळच्या कीस्टोन लघुपटांवर दिग्दर्शकाचे नाव सहसा छापले जात नसे. नॉर्मंड ह्यापुढे स्वतःचे चित्रपट स्वतः दिग्दर्शित करणार, ही वार्ता १९१३ च्या अखेरीस चित्रपटव्यवसायाच्या नियतकालिकांत प्रसिद्ध झाली होती. परंतु पडद्यावर तिचा मागमूस नसे. प्रेक्षकांना शीर्षकातील ‘मेबेल’ दिसे आणि पडद्यावरची मेबेल दिसे. दिग्दर्शकाच्या जागी रिकामी जागा असे. रिकाम्या जागेत इतिहास बलिष्ठांची नावे भरतो. येथे ती सेनेट व चॅप्लिन ह्यांची भरली गेली. शिवाय मूकपटाची ज्वालाग्राही फीत फार काळ टिकत नाही, आणि नॉर्मंड ह्यांच्या चित्रपटांपैकी पुष्कळ नष्ट झाले आहेत. त्यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘वन इन अ क्लॉझेट’ (१९१४) ह्याची प्रत न्यू झीलंडमधील संग्रहात असल्याचे २०१० साली उजेडात आले. ‘मेबेल्स ब्लंडर’ अमेरिकेच्या राष्ट्रीय चित्रपट-सूचीत दाखल झाला तो २००९ साली, म्हणजे निर्मितीनंतर ९५ वर्षांनी.

दुसरे कारण आठवणी लिहिणाऱ्यांचे. चॅप्लिन ह्यांचे आत्मचरित्र १९६४ साली प्रसिद्ध झाले. त्यात ‘मेबेल ॲट द व्हील’च्या चित्रीकरणाचा प्रसंग आहे. रस्त्यावर पाणी मारणारा खलनायक स्वतःच नळीवर पाय देतो, पाणी थांबते म्हणून तोंडात डोकावतो, पाय उचलताच पाणी तोंडावर उडते, अशी युक्ती त्यांनी सुचविली. नॉर्मंड ह्यांनी वेळ नाही म्हणून ती नाकारली. तेव्हा चॅप्लिन काम थांबवून रस्त्याच्या कडेला बसून राहिले. नॉर्मंड ह्यांच्या दिग्दर्शनाच्या पात्रतेविषयी आपल्याला शंका होती असेही ते लिहितात. ही कथा पुष्कळांनी उद्धृत केली आहे, आणि ती बहुधा चॅप्लिन ह्यांच्या उदयमान प्रतिभेचा दाखला म्हणून. वस्तुतः नळीची ती युक्ती नवी नव्हती. लुमिएर बंधूंच्या १८९५ मधील माळ्याच्या लघुपटात तीच आहे. विशीतील दिग्दर्शिकेने काही महिन्यांपूर्वी आलेल्या नटाची जुनी युक्ती नाकारली, ह्यावरून तिची अपात्रता सिद्ध होत नाही. त्याची प्रतिभाही असिद्ध होत नाही. भांडणातील एकाच पक्षाची साक्ष, तीही पन्नास वर्षांनंतरची, आपल्यापुढे आहे, एवढेच म्हणता येते. सेनेट ह्यांचे आत्मकथन त्याआधी दहा वर्षे, १९५४ साली, आले. ते नॉर्मंड ह्यांच्याविषयी ममतेने ओथंबलेले आहे. परंतु त्या ममतेतही नॉर्मंड ह्या लेखकाच्या हरवलेल्या प्रेमाची नायिका म्हणून उरतात. एकाने त्यांना अडथळा केले, दुसऱ्याने आठवण केले. ‘मेबेलची आठवण’ ही षष्ठी कोणती, हे सांगावयास नको.

येथे एक सावधगिरीची सूचना आवश्यक आहे. अन्यायाचे परिमार्जन करण्याच्या उत्साहात अलीकडे उलट टोक गाठले जाते. चॅप्लिन ह्यांना घडविले ते नॉर्मंड ह्यांनीच, चित्रपटात पहिली पायची थाळी फेकली तीही त्यांनीच, असे ठासून सांगितले जाते. ‘अ नॉइज फ्रॉम द डीप’ (१९१३) ह्यात मेबेल आर्बकल ह्यांच्या तोंडावर पाय फेकते हे खरे. परंतु १९०९ च्या ‘मिस्टर फ्लिप’मध्ये हा प्रकार आधीच होऊन गेला होता. चॅप्लिन ह्यांचा सुप्रसिद्ध भटक्या ज्या वेषात जगाला ठाऊक झाला तो वेष चित्रीकरणासाठी प्रथम अंगावर चढला तो ‘मेबेल्स स्ट्रेंज प्रेडिकमेंट’साठी, दोन दिवस आधी प्रदर्शित झाल्यामुळे मान मात्र ‘किड ऑटो रेसेस ॲट व्हेनिस’ला मिळाला. त्या लघुपटाचे दिग्दर्शन आज नॉर्मंड ह्यांच्या नावावर मांडले जाते. ह्यावरून भटक्या ही त्यांची निर्मिती ठरत नाही. भटक्या पहिल्यांदा ज्या घरात शिरला ते घर त्यांचे होते, इतके निश्चित. आणि तेवढे पुरेसे आहे. ‘पहिला कोण’ हा प्रश्न इतिहासाला प्रिय असला तरी समीक्षेच्या तो फारसा कामाचा नाही. कर्तृत्व सिद्ध व्हावयाचे ते कृतीच्या घडणीवरून, अग्रक्रमावरून नव्हे.

५

तिसरे कारण सर्वांत दुःखद आहे, आणि त्याचा संबंध नावाशीच येतो.

आर्बकल पडद्यावर ‘फॅटी’ होते. चॅप्लिन ह्यांचा भटक्या बहुधा निनावीच असे. टोपणनाव किंवा निनावीपण हे एक प्रकारचे अंतर असते. माणूस आणि सोंग ह्यांच्यामधला तो पडदा असतो. नॉर्मंड ह्यांना हा पडदा मिळाला नाही. त्यांच्या पात्राला त्यांचेच नाव होते. ‘फॅटी अँड मेबेल ॲड्रिफ्ट’ (१९१६) ह्या शीर्षकात सोंगाचे नाव आणि खरे नाव शेजारीशेजारी उभे आहेत. प्रेक्षकांना वाटे की मेबेल आपल्या ओळखीची आहे.

ह्या ओळखीने प्रथम वैभव दिले. स्वतःच्या नावाने काढलेल्या कंपनीतर्फे त्यांनी ‘मिकी’ हा मोठा चित्रपट केला. १९१६-१७ मध्ये तयार झालेला हा चित्रपट रखडत रखडत १९१८ साली प्रदर्शित झाला आणि अफाट चालला. गोल्डविन कंपनीशी करार झाला. पुढे सेनेट ह्यांच्यासाठी ‘मॉली ओ’ (१९२१) झाला. त्यानंतर आघात आले. १ फेब्रुवारी १९२२ रोजी दिग्दर्शक विल्यम डेस्मंड टेलर ह्यांचा त्यांच्या राहत्या घरी खून झाला. नॉर्मंड त्यांच्या मैत्रीण होत्या, आणि त्या सायंकाळी त्यांची भेट घेऊन गेलेल्या शेवटच्या ज्ञात व्यक्ती. खुनाचा उलगडा आजतागायत झालेला नाही आणि नॉर्मंड ह्यांच्यावर कधी आरोपही ठेवला गेला नाही. पण वृत्तपत्रांनी महिनोन् महिने त्यांचे नाव छापले. आर्बकल ह्यांच्यावरील खटला त्याआधीच गाजत होता. त्यातून ते १९२२ च्या एप्रिलमध्ये निर्दोष सुटले, परंतु लोकमताने त्यांना सोडले नाही. १ जानेवारी १९२४ रोजी नॉर्मंड ह्यांच्या मोटारचालकाने त्यांच्याच पिस्तुलाने एका धनिकावर गोळी झाडली. ह्याही प्रकरणात त्या आरोपी नव्हत्या. काही ठिकाणी त्यांच्या चित्रपटांवर बंदीची मागणी झाली, काही ठिकाणी ती अमलातही आली.

‘मेबेल्स ड्रॅमॅटिक करीअर’मधील तो खेडवळ तरुण येथे पुन्हा आठवतो. पडद्यावर जे दिसते त्यावर गोळ्या झाडणारा तो प्रेक्षक १९१३ साली हास्यास्पद होता. दहा वर्षांनंतर तोच प्रेक्षक वृत्तपत्रे वाचीत होता. फरक एवढाच की आता दिशा उलटली होती: वृत्तपत्रात जे वाचले त्याचा राग तो पडद्यावरील मेबेलवर काढीत होता. नाव एकच असल्याने त्याला नेम धरणे सोपे गेले.

ह्या पार्श्वभूमीवर ‘द एक्स्ट्रा गर्ल’ (१९२३) पाहिला पाहिजे. दिग्दर्शन एफ. रिचर्ड जोन्स ह्यांचे. खेड्यातील सू नावाची मुलगी छायाचित्रांच्या अदलाबदलीमुळे स्पर्धा जिंकते आणि नटी होण्याच्या आशेने हॉलीवूडला येते. तेथे तिच्या वाट्याला येते ती कपडेपटातील नोकरी. एका प्रसंगी सिंहाचे कातडे पांघरलेला कुत्रा समजून ती खऱ्याच सिंहाला दोरी बांधून चित्रशाळेतून फिरविते. भोवतालचे लोक जीव घेऊन पळतात आणि ती मात्र हट्टी कुत्र्याला ओढावे तशी त्या श्वापदाला ओढीत असते. नॉर्मंड ह्यांच्या अभिनयाचे सारे मर्म ह्या प्रसंगात एकवटले आहे. भीतीचे सर्व साहित्य समोर असता चेहऱ्यावर भीती नाही, केवळ किंचित त्रासिक भाव. आणि सत्य कळते त्या क्षणी जो पालट होतो तो पाहता येथे शब्दांची उणीव मुळीच जाणवत नाही. पुन्हा तेच: चूक तिची, आणि त्या चुकीतले शौर्यही तिचे.

मात्र शेवट विचार करावयास लावणारा आहे. काही वर्षांनंतर सू पती व मुलासह घरी बसून आपलीच जुनी पडदा-चाचणी पाहते, आणि मुलाच्या तोंडून ‘आई’ ही हाक ऐकणे आपल्याला कोणत्याही कारकीर्दीहून मोलाचे वाटते असे सांगते. नॉर्मंड ह्यांच्या चित्रपटांत चित्रपट पाहण्याचा प्रसंग ह्याआधीही येऊन गेला होता. ‘मेबेल्स ड्रॅमॅटिक करीअर’मध्ये तिला दुसरा पाहतो. ‘टिलीज पंक्चर्ड रोमान्स’ (१९१४) ह्यात मारी ड्रेसलर ह्यांच्या टिलीचे पैसे लांबवून नॉर्मंड व चॅप्लिन ह्यांची पात्रे चित्रपटगृहात बसतात, आणि पडद्यावर आपल्याच गुन्ह्यासारखा गुन्हा पाहून चपापतात. ‘एक्स्ट्रा गर्ल’मध्ये ती अखेर स्वतःलाच पाहते. पाहणारी आणि पाहिली जाणारी, कर्ता आणि कर्म, एकाच खोलीत भेटतात. पण भेटतात ते निरोप घेण्यापुरते. कथेच्या दृष्टीने हा शेवट त्या काळच्या प्रेक्षकांना दिलेली कबुली आहे. लोकांच्या संशयाला बळी पडलेल्या नटीने पडद्यावर गृहिणीपदाची शपथ घ्यावी, अशी ती योजना दिसते. सिंहाला ओढून नेणारी सू ही शपथ मनापासून घेत असेल, असे चित्रपट पाहताना वाटत नाही. आणि ते न वाटणे ह्याचे श्रेय नॉर्मंड ह्यांच्या चेहऱ्याला आहे.

६

पुढची हकीकत थोडक्यात सांगता येते. १९२६-२७ मध्ये हॅल रोच ह्यांच्या कंपनीसाठी ‘रॅगडी रोझ’, ‘द निकल-हॉपर’ आदी चित्रपट झाले. १९२६ साली त्यांनी नट ल्यू कोडी ह्यांच्याशी विवाह केला. क्षयाने शरीर पोखरले होते. २३ फेब्रुवारी १९३० रोजी कॅलिफोर्नियातील मनरोव्हिया येथील आरोग्यधामात त्यांचा मृत्यू झाला. तोवर बोलपट येऊन स्थिरावला होता. नॉर्मंड ह्यांनी एकही बोलपट केला नाही. चित्रपटाच्या श्रोत्यांनी त्यांचा आवाज कधी ऐकला नाही, आणि म्हणून त्यांच्याविषयी जे बोलले गेले ते सारे इतरांनी बोललेले आहे.

भाषाभ्यासकाला ही गोष्ट विशेष लागते. एखाद्या व्यक्तीविषयीची सर्व वाक्ये इतरांनी रचली की तिचे नाव त्या वाक्यांत कोणत्या विभक्तीत येते ह्याकडे लक्ष ठेवणे, हे आपले काम आहे. नॉर्मंड ह्यांच्याविषयीच्या पुस्तकी वाक्यांत त्या प्रायः सेनेट ह्यांची प्रेयसी, चॅप्लिन ह्यांची सहनटी, आर्बकल ह्यांची जोडीदारीण, टेलर ह्यांची मैत्रीण असतात. शीर्षकांतील षष्ठी मेबेलची होती. चरित्रांतील षष्ठी चार पुरुषांची झाली. ही वाक्ये खोटी नाहीत, परंतु त्यांत क्रियापद नाही. क्रियापद सापडते ते फक्त चित्रपटांत: तेथे ती चाक हाती घेते, वेष पालटते, पलंगाखाली शिरते, चुकते आणि सिंहाला ओढते.

उपलब्ध असलेल्यांपैकी बरेच लघुपट आज विद्यार्थ्याला घरबसल्या पाहता येतात, आणि एकेक लघुपट जेमतेम दहा-पंधरा मिनिटांचा आहे. चरित्रे वाचण्यापूर्वी ते पाहावेत. ‘मेबेल्स ब्लंडर’ पाहून झाल्यावर ‘मेबेलचा चित्रपट’ हे शब्द फळ्यावर लिहून त्यांचा विग्रह करावा. दोन्ही अर्थ बरोबर असल्याचे ज्याच्या ध्यानी येईल, त्याला हा इतिहास नव्याने लिहिण्यास आरंभ करता येईल.